न खपलेली कॅसेट

आमच्या ह्यांचा एका बाईवर जीव होता, आणि ती बाई आमच्याच दुकानात, गल्ल्याच्या मागच्या फळीवर राहायची. हे असं एकदम सांगितलं की ऐकणाऱ्यांचे कान टवकारतात, म्हणून मी असंच सांगते. पुढचं ऐकून लोक हसतात. हसू देत. त्यांचं काय जातंय, जळत तर मी होते.

ती बाई म्हणजे एक कॅसेट. गाण्यांची, साधी, नगरच्या कुठल्याशा कंपनीनं काढलेली. दोन्ही बाजूंना मिळून आठ गाणी, कव्हरवर हिरवं नऊवारी नेसलेली, मान वळवून बघणारी एक गोरीपान पोरगी. नथ, झुबे, कपाळावर एक बट आणून सोडलेली. बट आपोआप अशी कधी पडत नाही, ती पाडावी लागते, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

आमचं दुकान श्रीरामपुरात, स्टँडकडून बाजाराकडे जाताना लागतं. आता तिथं मोबाईलची कव्हरं, चार्जर, काचा बसवून मिळतात. पण मी लग्न होऊन आले तेव्हा जमिनीपासून छतापर्यंत नुसत्या कॅसेटी होत्या. मग सीड्या आल्या. मग त्याही गेल्या आणि लोक मेमरी कार्ड घेऊन रांगेत उभे राहायला लागले, ‘शेठ, भरून द्या’ म्हणून. ह्यांनी सगळं पाहिलं आणि सगळं विकलं. दुकानामागं आमच्या दोन खोल्या, मधे एक दार. दुकानात वाजलेलं माझ्या भाकरीच्या परातीत पडायचं.

काय खपणार हे ह्यांना आधी कळायचं. नुसतं कव्हर हातात घेऊन सांगायचे, हे उचला, हे नको. लग्नसराईत हळदीची गाणी. त्यातही कोळीगीतं! समुद्र कुठं, आम्ही कुठं, अर्ध्या गावानं होडी चित्रात पाहिलेली, पण हळदीला त्याशिवाय एक पाऊल उचलायचं नाही. एप्रिलात जयंतीची गाणी, तेव्हा दुकानासमोर रस्ता बंद व्हायची पाळी. नाताळ आला की चर्चकडची मंडळी येशूची गाणी न्यायला. गणपतीत आरत्या, जत्रेत तमाशाची. ट्रॅक्टरवाले वेगळे, त्यांना आवाज मोठा पाहिजे, बाकी काही नाही. प्रत्येकाला काय पाहिजे ते त्यानं तोंड उघडायच्या आत हे काउंटरवर ठेवायचे.

आणि स्वतः? स्वतः त्यातलं एक ऐकायचे नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “हलवाई घरी येऊन पेढे खातो का?” दिवसभर ज्या गाण्यांवर घर चालायचं, ती संध्याकाळी बंद. शटर अर्धं खाली ओढायचं, मी चहा आणून द्यायचा, आणि मग मागच्या फळीवरून ती निघायची. हिरव्या नऊवारीवाली.

तिच्या पहिल्याच गाण्याला सुरुवात होती, ‘चारीला पाणी सुटलं गं, माझा वाफा कोरडा.’ साधं गाणं. मागं नुसती पेटी आणि ढोलकी. बाई कुणाला मनवत नाही, कुणाला नाचवत नाही, आपली उभी राहून सांगतेय, कालव्याच्या चारीला पाणी आलंय पण माझ्याकडं वळलेलं नाही. हे डोळे मिटून बसायचे. चहा गार. मी दारात उभी. नवी नवरी, हातावरची मेंदी अजून गेलेली नाही, आणि माझा नवरा दुसऱ्या बाईसाठी डोळे मिटून बसलाय. म्हटलं, अगं बाई, हे काय आपल्या नशिबी!

आता माझी बाजू सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, कॅसेटवर कुणी जळतं का.

माझं माहेर कर्जतकडचं. तिकडं चारी वगैरे काही नाही, पाण्याचा टँकर आला की हंडे घेऊन पळायचं. पण मला गळा होता. पंचक्रोशीत कुणाकडं हळद असो, बारसं असो, बायका म्हणायच्या, ‘तिला बोलवा, तिच्याशिवाय जमायचं न्हाई.’ मी जायची आणि म्हणायची, रात्र रात्र नाही, पण बायकांचे हात जात्यावर थांबेपर्यंत. हे मला बघायला आले तेव्हा ह्यांच्या आईनं विचारलं, काय येतं? माझ्या चुलतीनं आगाऊपणा केला, म्हणाली, गाती की! मग गावं लागलं. मी मान खाली घालून म्हटलं, हे मान खाली घालून पोह्यातले शेंगदाणे वेचत होते. मुलाचं कॅसेटचं दुकान आहे म्हटल्यावर माझ्या मनात काय काय आलं असेल, सांगा. म्हटलं, चला, वीट-वाळूवाला नाही, शेळ्यावाला नाही, गाण्यातला माणूस आहे. आपलं गाणं ऐकणारा माणूस मिळाला. मैत्रिणींना मी तसं सांगूनही टाकलं. त्यातल्या दोघी माझ्यावर जळल्या, ते मला फार आवडलं होतं.

लग्नानंतर पहिल्या पंधरवड्यातली गोष्ट. संध्याकाळी मी भाकरी थापत होते आणि आपसूक माझं एक गाणं सुरू झालं. हातासोबत गाणं येतंच, त्याला कुणाला विचारावं लागत नाही. पलीकडून आवाज आला, “जरा हळू गं. ऐकतोय.”

म्हटलं, माझंच ऐकतायत, नीट ऐकू यावं म्हणून हळू म्हणायला सांगतायत! मी तशीच लाजले, आवाज खाली घेतला. मग लक्षात आलं. पलीकडं ती लागलेली होती. मी त्यांना मधे येत होते.

त्या दिवसापासून संध्याकाळी माझं तोंड बंद. दुपारी हे माल आणायला गेले की म्हणायची, भिंतीला ऐकवायची. ह्यांच्यासमोर शब्द नाही. हट्ट म्हणा. पण मनात एकच होतं, ह्या माणसानं एकदा तरी माझ्यासाठी डोळे मिटावेत. साडी नको, डोरलं नको. मला तेवढं पाहिजे होतं, आणि तेवढंच मिळत नव्हतं.

ती कॅसेट खपली असती तर मी समजून घेतलं असतं. सगळ्या गावाला आवडते, ह्यांनाही आवडली, चालायचंच. पण ती पडली होती. साफ पडली. ह्यांनीच कंपनीवाल्याला आधी सांगितलं होतं, ही नाही चालायची, यात नाचायला काही नाही. धंद्याची एक रीत होती, न खपलेला माल कंपनीचा माणूस परत न्यायचा. न्यायचा म्हणजे जपून ठेवायचा नाही, पुसायचा! त्याच फितीवर दुसरी गाणी भरून, नवं कव्हर घालून पुन्हा बाजारात. तो माणूस आला आणि म्हणाला, “शेठ, ती हिरवीवाली सगळी द्या, त्यावर हळद भरतो.” आमचे हे, जे कुणाला उधारीवर कोरी कॅसेट द्यायचे नाहीत, ते म्हणाले, “राहू दे. खपतील.”

मी दाराआडून ऐकत होते. खपतील! स्वतःच म्हणाले होते नाही खपणार. हिला पुसू द्यायचं नाही म्हणून माझा नवरा कंपनीच्या माणसाशी खोटं बोलला. माझ्यासाठी आजवर सासूबाईंशीसुद्धा खोटं बोलला नव्हता.

त्या ठेवून घेतलेल्या कॅसेटी पुढं एकेक करत गेल्या. काही उंदरांनी खाल्ल्या, देव त्या उंदरांचं भलं करो. काही ह्यांनी कुणाकुणाला ‘ऐकून बघा’ म्हणून दिल्या, त्या कुणी परतही केल्या नाहीत आणि ऐकल्याही नसतील. शेवटी एक राहिली. तिची फीत एकदा टेपमध्ये अडकून तुटली, तेव्हा हे आत आले आणि माझ्या फणीपेटीतली नेलपॉलिश घेऊन गेले. गुलाबी, माहेराहून आणलेली, मी लग्नाकार्याशिवाय लावत नव्हते. तुटलेली टोकं एकावर एक ठेवून वरून नेलपॉलिशचा थेंब सोडला की जोड धरतो म्हणे. दुकानात जाऊन बघते तर ऊब मिळावी म्हणून काउंटरवर बल्ब खाली ओढलाय आणि हे तिच्यावर फुंकर घालतायत. माझी नेलपॉलिश, हिच्या जखमेला! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. बाटली मी परत घेतली नाही. म्हटलं, ठेवा, तिलाच लावा रोज.

“अगं, फीत आहे ती,” हे म्हणाले.

“मला काय करायचंय ती कोण आहे ते,” मी म्हणाले आणि दार आपटलं.

तिच्या तोंडाचा तर मी ध्यासच घेतला होता. बाजारात गेले की बायकांच्या चेहऱ्यांकडे बघायची, असेल का ही, असेल का ती. एका दिवाळीत गावातल्या साडीच्या दुकानात गेले, तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीच! तीच मान, तोच झुबा, तीच पाडलेली बट. म्हणजे गातेही आणि कॅलेंडरवरही झळकते. काउंटरवर माझ्यासाठी काढलेल्या साड्यांचा ढीग होता. मी पदर खोचला आणि बाहेर पडले. सासूबाई मागून हाका मारतायत, दुकानदार म्हणतोय ‘वहिनी, दुसरा रंग दाखवतो’, आणि मी रस्त्यावर. त्या दुकानात पुन्हा पाय ठेवला नाही. घरातल्या सगळ्या लग्नांच्या साड्या मी नगरहून आणल्या, का आणल्या ते आजपर्यंत कुणाला कळलं नाही.

एकदाच मी सरळ विचारलं. पोरं शाळेत गेली होती, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. “कुठं राहते ती?”

“कोण?”

“तीच. तुमची.”

ह्यांनी फळीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. “काय की. कुठं असेल बिचारी.”

बिचारी! “भेटावंसं नाही वाटत?”

“भेटून काय करायचं? ऐकू येतंय की.”

दुसरी एखादी बायको यावर निवांत झोपली असती. मला उलट जास्त झोंबलं. भेटावंसं वाटतं म्हणाले असते तर ती हाडामांसाची बाई ठरली असती, तिच्यातलं काहीतरी वाईट शोधता आलं असतं. आवाजातलं वाईट काय शोधायचं? मग रागाच्या भरात तोंडातून निघून गेलं, “आणि माझा आवाज कसाय?”

हे हातातली सीडी पुसत होते. मान वर न करता म्हणाले, “चांगलाय की. खणखणीत. हळदीचा अल्बम काढला तर खपेल.”

खपेल.

आता तुम्हीच सांगा. ह्या माणसाच्या तोंडी ह्याहून मोठी शिवी असेल का? जे खपतं ते ह्यांनी कधी घरी ऐकलं नव्हतं. त्यांना वाटलं, माझी तारीफ केली. वर मान करून हसलेही. आणि मी त्या कोळीगीतांच्या, ट्रॅक्टरवाल्यांच्या रांगेत जाऊन बसले. खपणारी! त्यापेक्षा ‘बेसूर आहेस’ म्हणाले असते तर मी चार दिवस रडून मोकळी झाले असते. ते एक वाक्य मी वर्षानुवर्षं मनात घोळवलं, पोळ्या लाटताना, धुणं वाळत घालताना, पोरांची डोकी विंचरताना.

पोरं मोठी झाली, कामाधंद्याला पुण्याकडं गेली. जुना माल भंगारात गेला, दुकानात काचेची कपाटं आली. त्या कपाटांच्या मागं एक टेप आणि एक कॅसेट तेवढी राहिली. मी टोमणा मारायचे, “एवढ्या जगाची कार्डं भरून देता, हिला पण भरून घ्या की मोबाईलवर, खिशात घेऊन फिरा.” तर म्हणायचे, “मोबाईलवर तिचा आवाज पातळ येतो.” आवाज पातळ येतो! मला ताप आला तर ह्यांना दुसऱ्या दिवशी कळतं, पण तिचा आवाज पातळ झालेला लगेच कळतो.

मागच्या हिवाळ्यात हे माल आणायला नगरला गेले होते. दुपारची वेळ, मी दुकानात बसलेले. एक म्हातारी आली. जाडजूड, काळीसावळी, चष्म्याला दोरी, हातात पेरूंची पिशवी. पायरी चढताना गुडघ्यावर हात. मी आपलं काउंटरवर चार्जर ठेवायला लागले, म्हाताऱ्या माणसांचे चार्जरच बिघडतात.

“जुन्या क्यासेटी हायेत का गं, बाई?” आवाज पार फाटका, घोगरा. एकेक शब्द खरवडून काढल्यासारखा.

“नाही मावशी, त्या कधीच्या गेल्या.”

“सगळ्यांनी हेच सांगितलं. नगरला गेल्ते, संगमनेरला गेल्ते. म्हनलं श्रीरामपूर राह्यलं, तिथं बी बघू.” तिनं बाकड्यावर बूड टेकलं. “एक क्यासेट हुती, चारीच्या पान्याचं गानं हाय तिच्यात. हिरव्या लुगड्यातल्या पोरीचा फोटू.”

माझ्या हातातला चार्जर हातातच राहिला. म्हटलं, “तुम्हाला कशाला पाहिजे ती?”

“माझी हाय ती. मी गायल्यालीय.”

मी हसलेच. खरंच हसले. “मावशी, कव्हरवर तर...”

“ती व्हय!” म्हातारीही हसायला लागली, हसता हसता खोकली. “ती फोटूवाल्याकडची कुनीतरी पोरगी. तिचा फोटू पडूनच हुता त्याच्याकडं. कंपनीवाला मला म्हनला, मावशी, तुमचा फोटू टाकला तर खपायची न्हाई. मी म्हनलं, टाक बाबा कुनाचा बी. मला काय करायचंय. न्हाई तरी कुठं खपली!”

इतकी वर्षं मी ज्या तोंडावर जळले, ज्या तोंडापायी साडीचं दुकान सोडलं, ते तोंड कुणाचंच नव्हतं! आणि ह्यांना ते माहीत असणार. धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं, कव्हरवर गाणारी कधी नसते. मला सांगावं असं त्यांना वाटलं नाही, कारण मी त्या तोंडाकडं बघतेय हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. समोरच्या बाकड्यावर ती बसली होती, चष्म्याच्या दोरीला गाठ मारत. मला वाटलं, आता तरी माझी आग विझेल. कसली विझते! उलट भडकली. त्या गोऱ्या पोरीला निदान समजून घेता येत होतं, पुरुष आहे, भुलला. पण हिच्यात भुलण्यासारखं काही नव्हतं. म्हणजे आमच्या माणसानं नुसता गळाच ऐकला होता. म्हणजे ते खरं होतं.

“मग आता घरी म्हणत असाल,” मी म्हणाले.

“कशानं म्हनू? गळ्याचं आपरेशन झालं, तवापासून ह्ये असं.” तिनं गळ्यावर हात ठेवला. “नात म्हनती, आजी खोटं बोलती, तू कुठली गानारी. तिला एकदा ऐकवायचं हाय. आन्‌ खरं सांगू का, मला बी ऐकायचं हाय. लई दिस झालं.”

मी उठले. कपाटामागं हात घातला आणि ती कॅसेट काढून तिच्यापुढं ठेवली.

दयेनं दिली असं सांगायला मला आवडलं असतं. थोडी दया होतीच, दगड नाही मी. पण हात गेला तो दुसऱ्याच गोष्टीनं गेला. मनात आलं, जाते आहे तर जाऊ दे एकदाची घरातून, आपल्या पायांनी आली आहे न्यायला. ह्यांना विचारायला थांबले असते तर कॅसेट राहिली असती आणि ही बाईही चहाला राहिली असती. मला दोन्ही नको होतं.

म्हातारीनं ती दोन्ही हातांत धरली. कव्हर निरखलं, डबी पदरानं पुसली. “वाजती का गं?”

“चांगली वाजते. रोज तर वाजते.”

शब्द तोंडातून निसटला होता. तिनं चष्म्यातून वर पाहिलं. “रोज? कोन ऐकतं?”

नगरच्या गाडीची वेळ होत आली होती. हे कुठल्याही क्षणी स्टँडवर उतरतील, पिशव्या घेऊन येतील, हिला बघतील. मी म्हणाले, “मी ऐकते.”

तिनं माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. डोळे भरून आले होते तिचे. म्हणाली, “म्हंजी एक तरी मानूस हुतं.” मी तिला तिच्या गावच्या, राहात्याच्या गाडीपर्यंत पोचवायला स्वतः गेले, आत जागा धरून दिली, खिडकीतून पिशवी दिली. तिनं अर्धे पेरू माझ्या ओटीत घातले. लोकांना वाटलं असेल, केवढी प्रेमळ बाई आहे. गाडी हलेपर्यंत माझा जीव खालीवर होत होता.

हे आले ते पेरू बघून खूश झाले. “कुणी आणले?”

मी सगळं सांगितलं. एक गोष्ट सोडून सगळं. हे पिशव्या हातात घेऊन तसेच उभे राहिले. मग हळूच खाली ठेवल्या.

“कशी आहे?” म्हणाले.

आधी कॅसेटचं नाही विचारलं. कशी आहे! “म्हातारी आहे. जाड आहे. आवाज गेलाय.”

“पार?”

“पार.”

“बसवून ठेवायचंस गं थोडा वेळ.”

“तिची गाडी होती.”

“आपण ऐकतो, हे सांगितलंस ना तिला?”

“सांगितलं की,” मी म्हणाले आणि पेरू चिरायला घेतले.

मी वाट पाहत होते, आता चिडतील, मग मी माझं सगळं बाहेर काढीन, नेलपॉलिशपासून. पण हे म्हणाले, “तिची वस्तू होती, तिच्याकडं गेली. बरं केलंस.” आणि पेरूला मीठ लावून खाल्लं. ह्या माणसाशी भांडायचं तरी कसं!

त्यानंतर संध्याकाळी दुकान गप्प झालं. शटर अर्धं खाली, चहा, आणि काही नाही. हे मोबाईल बघत नव्हते, पेपर वाचत नव्हते, नुसते बसायचे. मी जिंकले होते. सवत निघून गेली होती. आणि मला ती शांतता खायला उठायची, कारण मला कळत होतं, ही शांतता नाही, हे मनातल्या मनात तिलाच वाजवतायत. चहा तसाच गार व्हायचा. कॅसेट घरात होती तेव्हा निदान बटण दाबून बंद तरी करता येत होती.

असेच दिवस चालले होते. एका संध्याकाळी मी मेथी निवडत बसले होते. कुणाच्या तरी लग्नाचा विचार डोक्यात होता, हात चालत होते, आणि तोंडातून गाणं सुरू झालं. आपसूक. एक ओळ झाल्यावर माझ्या लक्षात आलं की काय म्हणतेय. ‘चारीला पाणी सुटलं गं.’ तिचं! एवढ्या वर्षांच्या जळफळाटात ते सगळं माझ्यात उतरलं होतं, शब्दासकट, श्वासासकट. मी जिभेला चावा घेतला.

मधल्या दारात हे उभे होते. कधी आले कोण जाणे. चहाचा कप हातात.

“का थांबलीस?” म्हणाले. “म्हण की.”

लग्नाला इतकी वर्षं झाली, पोरांच्या डोक्यावरचे केस विरळ झाले, आणि हा माणूस मला पहिल्यांदा गा म्हणत होता. आणि गाणं कुणाचं, तर तिचं. मला मेथीची जुडी त्यांच्या अंगावर फेकावीशी वाटली. रडावंसंही वाटलं. म्हणावं की म्हणू नये? नाही म्हटलं असतं तर अभिमान राहिला असता, आणि पुन्हा ती शांतता. मी पुढची मेथी ओढली, पाठ त्यांच्याकडं केली आणि म्हणायला लागले. पहिल्यापासून. हळदीत म्हणते तसं नाही, बायकांना ऐकू जावं म्हणून नाही, नुसतं, त्या खोलीपुरतं. आवाज जरा कापत होता, मग सुटला.

दुसऱ्या कडव्याला मी मान वळवून पाहिलं. ह्यांनी डोळे मिटले होते.

किती वर्षं वाट पाहिली होती मी त्याची! पाहिलं आणि लगेच मनात आलं, आता ह्या मिटलेल्या डोळ्यांमागं कोण गातंय, मी की ती? कुणाला विचारणार?

तेवढ्यात हे डोळे न उघडता म्हणाले, “तिथं ती जरा थांबते. ‘कोरडा’च्या आधी.”

रागानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गळ्याला मात्र मी ते कळू दिलं नाही.

“ती थांबत असेल,” मी म्हणाले. “मी नाही थांबत.”

आणि तीच ओळ पुन्हा घेतली, न थांबता. ह्यांनी कप खाली ठेवला आणि तिथंच उंबऱ्यावर बसले. डोळे उघडे होते, आणि माझ्याकडं बघत होते.